दोनशे अँपिअरचा मोह

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांबच्या पल्ल्यावर असेल तर ते वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं. पण घर ते मंडई, मंडई ते घर अशी दोन-दोन किलोमीटरची धाव असली की सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतल्या आत निवते, धुरातली आम्लं तिच्यात उतरतात आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेरचा रंग शाबूत असतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मग एखाद्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं, बोटभर भोक पडतं आणि गाडी आल्याचं सगळ्या आळीला कळतं. कोकणात खारी हवा बाहेरूनही पत्रा खाते, म्हणजे दोन्हीकडून मरण.

गाडी चार-पाच वर्षांची असेल तर प्रश्न पैशांचा असतो. नवा भाग मिळतो, बसवायचा आणि विसरायचं. जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडणं थांबलं त्याला साधारण पाव शतक झालं. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८००चं उत्पादनही २०१४ साली संपलं. या गाड्या जिवापाड जपणारी माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत, आणि जुन्या जीपच्या वेडाने झपाटलेल्यांची तर वेगळीच जमात आहे. त्यांना नळीचं नेमकं वळण आयतं मिळत नाही. मिळालं तरी त्याचा पत्रा इतका हलका असतो की दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. अशा वेळी बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा गावाकडच्या पडवीत आपलं आपणच काम करावं, त्यासाठी एक वेल्डिंग मशीन घ्यावं, हा विचार मनात येतो. तो वाईट नाही.

दुकानात पाऊल टाकलं की मात्र सगळं बोलणं एकाच आकड्याभोवती फिरू लागतं. ‘२०० अँपिअरचं घ्या साहेब, पुढे कमी पडायला नको.’ मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरचं दुकान असो की मोबाइलवरची खरेदी, खोक्यावर सर्वांत ठळक छापलेलं असतं ते २००, नाहीतर २५०. घेणाराही खूश होतो, कारण थोड्याच जास्त पैशांत मोठा आकडा पदरात पडला. सायलेन्सरच्या कामापुरतं बोलायचं तर ही सगळी विचारपूस उलट्या टोकाने चाललेली असते. यंत्र किती वर जातं हे इथे फारसं महत्त्वाचं नाही. ते किती खाली उतरतं आणि खाली उतरल्यावर ठिणगी स्थिर ठेवतं का, हे विचारायला हवं. खोक्यावर नेमकं तेच बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच.

हिशेब अवघड नाही. मोटारीच्या सायलेन्सरच्या नळीची जाडी साधारण १.२ ते १.५ मिलिमीटर असते. डब्याचा पत्रा त्याहूनही पातळ, आणि गंजाने खाल्लेला असेल तर निम्माच उरलेला. साध्या लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ४० अँपिअर लागतात, असा ढोबळ अंदाज वेल्डिंगवाले धरतात. म्हणजे इथे काम ५० ते ६० अँपिअरचं, कुजक्या कडेजवळ तर ३०-४०चं. २०० अँपिअर हा पाच मिलिमीटरच्या पट्टीचा, फाटकाच्या खांबाचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा आकडा झाला.

गंमत अशी, की तो आकडा घरात बहुतेकदा गाठताही येत नाही. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टने गुणलं तर ३,६८० वॉट. तारेच्या यंत्रावर (त्याची ओळख पुढे येतेच) ६० अँपिअरला ठिणगीचा दाब १७ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे हजारेक वॉट. यंत्रात वाया जाणारी वीज धरली तरी तेराशे वॉटच्या घरात काम भागतं, सॉकेट कुरकुरतही नाही. तेच यंत्र २०० वर नेलं तर ठिणगीलाच ४,८०० वॉट हवेत, आणि भिंतीतून सहा हजारांच्या पुढे ओढावे लागतात. इतक्यात फ्यूज उडतो, किंवा सॉकेट काळं पडतं. घराच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आकडा असतो, तो यंत्र घेण्याआधी एकदा वाचावा. घरातली बारीक वायरची एक्स्टेन्शन बोर्डं या कामाला वापरू नयेत. त्यांत दाब पडतो, ठिणगी विझू लागते आणि बिचारा हौशी वेल्डर आपल्या हाताला दोष देत बसतो.

आता प्रकार. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारं यंत्र म्हणजे रॉडचं, इन्व्हर्टरवालं. खांद्याला अडकवून नेता येतं, वाऱ्याची फिकीर नसते, थोड्याफार गंजावरही चालतं. घरातलं स्टूल, तुळशीवृंदावनाची जाळी, फाटकाची निखळलेली बिजागरी, या सगळ्याला ते उत्तम. पण बाजारात सहज मिळणारा रॉड अडीच मिलिमीटरचा. तो ६० ते ९० अँपिअरवर नीट वितळतो, आणि तेवढ्यात सव्वा मिलिमीटरची नळी आरपार जाते. दोन मिलिमीटरचा रॉड शोधून काढला, ४५-५० वर ठेवला, टिपके टिपके करत थांबत थांबत गेलं, तर जमतं. जमवणारे कारागीर आहेत. पण नवशिक्याच्या हातात हे यंत्र देऊन त्याच्यापुढे सायलेन्सर ठेवणं म्हणजे शिवणकामाच्या पहिल्याच दिवशी मलमल कापायला देणं.

म्हणून या लेखाचा कौल तारेच्या यंत्राला आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपांत त्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात, पुस्तकात मिग. बंदुकीचा घोडा दाबला की रिळावरून बारीक तार आपोआप पुढे येते आणि तिच्याभोवती वायूचं कवच पसरतं. रॉड छोटा होत जाण्याची भानगड नाही, वरून खपली झोडायची नाही, आणि एकेक सेकंदाचा टाका मारून लगेच थांबता येतं. पातळ पत्र्याला हे थांबणंच वाचवतं. तार ०.८ मिलिमीटरची चालते, ०.६ ची मिळाली आणि यंत्राच्या रोलरला तिची खाच असली तर आणखी बरं, कारण बारीक तार कमी करंटवर शांतपणे वितळते. यंत्र ३० अँपिअरपर्यंत खाली येतंय का आणि तिथे तार फटफटत तर नाही ना, हे दुकानातच एखाद्या पत्र्याच्या तुकड्यावर चालवून दाखवायला सांगावं. जो दुकानदार ‘घरी नेऊन बघा’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

वायूचा खर्च ऐकून अनेक जण मागे सरतात. तो बाऊ फुकाचा आहे. एक किलो कार्बन डायऑक्साइडचा मोकळा वायू होतो साधारण ५४० लिटर. मिनिटाला दहा लिटर सोडला तर जवळपास चोपन्न मिनिटांची सलग ठिणगी. दोन इंची नळीचा पूर्ण घेर सोळा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दीडेक मिनिटाचं काम. किलोभर वायूत तीसेक सांधे सहज होतील. घरच्या माणसाला वर्षभरातही तेवढे लागणार नाहीत. खरी डोकेदुखी सिलिंडर मिळवण्याची, त्याच्या अनामत रकमेची आणि तो भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवण्याची. ही कटकट टाळायला लोक वायूविना चालणारी तार घेतात. तिच्या पोटात पूड असते आणि तीच जळून कवच तयार करते. उघड्यावर, वाऱ्यात ती उपयोगी. पण ठिणग्यांचा सडा पडतो, धूर जास्त होतो आणि पातळ पत्र्यावर ती जरा तापटच. शिवाय या तारेसाठी बंदूक ऋण टोकाला जोडावी लागते, वायूच्या तारेसाठी धन टोकाला. हा बदल न करताच काम सुरू करणारे आणि मग ‘यंत्रच भिकार’ म्हणणारे पुष्कळ.

वायूच्या कवचाला वाऱ्याचं मात्र वैर आहे. ताशी आठेक किलोमीटरची झुळूकही ते उडवून लावते आणि सांधा स्पंजासारखा भोकाभोकांचा होतो. पावसाळ्यात कोकणातल्या उघड्या पडवीत काम काढायचं तर ताडपत्रीचा आडोसा लागणारच.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट निराळी. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक मोटारींची मूळ नळी साध्या लोखंडाची नसते. ती साधारण ११ टक्के क्रोमिअमच्या, ४०९ नावाच्या स्टीलची असते, किंवा ॲल्युमिनिअमचा थर दिलेल्या पत्र्याची. इथे लोहचुंबकाची परीक्षा फसवते. ४०९ला चुंबक चिकटतो, आणि मालक ‘लोखंडच आहे’ म्हणून साधी तार चढवतो. नळी टिकते, सांधा आधी गंजतो. त्यासाठी ३०९ एल जातीची स्टेनलेस तार घ्यावी. हौसेने चकचकीत ३०४ ची नळी बसवणाऱ्याने आतल्या बाजूचाही विचार करायला हवा. मागून आर्गन सोडला नाही तर सांध्याच्या पोटात करपलेल्या साखरेसारखे काळे दाणे धरतात आणि नळी तिथूनच चिरते. हे काम टिग नावाच्या वेल्डिंगचं. कारागीर त्याला नुसतं ‘आर्गन’ म्हणतात. १९४१ साली अमेरिकेच्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशिअमच्या भागांसाठी ही पद्धत बसवली, तेव्हा वायू हेलिअम होता. सांधा देखणा होतो यात वाद नाही. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सळई, आणि तेही गाडीखाली उताणं पडून! वर्षाकाठी एक नळी जोडणाऱ्याने ती टिगवाल्याकडे न्यावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्यात भोसरीला, नाशिकच्या सातपूरला असे हात आहेत आणि घरच्या पहिल्या दहा प्रयत्नांपेक्षा ते स्वस्त पडतात.

खोक्यावरच्या ‘ड्यूटी सायकल’नेही गिऱ्हाइकाला घाबरवलं जातं. दहा मिनिटांपैकी किती वेळ यंत्र सलग चालेल, ते हे प्रमाण. २० टक्के म्हणजे दोन मिनिटं काम, आठ मिनिटं विश्रांती. आंतरराष्ट्रीय मानकात ते ४० अंश तापमानाला मोजतात, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या वर असतो, हे खरं. पण हे प्रमाण यंत्राच्या सर्वोच्च करंटला दिलेलं असतं. साठ अँपिअरवर टाके मारणाऱ्याला त्याची झळ क्वचितच लागते. नळीच थंड होऊ देण्यासाठी तो मध्ये मध्ये थांबलेला असतो.

मग पैसा कुठे घालावा? आधी डोळ्यांवर. ठिणगी पडताक्षणी आपोआप काळं होणारं हेल्मेट ही चैन नाही. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि नेमक्या जागी ठिणगी पडते. आपल्याकडे साध्या काळ्या गॉगलवर, किंवा नुसती मान वळवून टाके मारणारे रस्त्यारस्त्यावर दिसतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पहाट काढायची. त्या चकत्यांनी बरं वाटत असेल, पण डोळ्याच्या पुढच्या पडद्याला बसलेला चटका त्याने पुसला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि ठिणगीचे अतिनील किरण, दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. तोंडाला बांधलेला रुमाल या धुरापुढे कामाचा नाही.

दोन सापळे तर खास घरच्या कामातले. भंगारातली जीआय नळी स्वस्त आणि मापाची मिळते म्हणून ठिगळाला वापरतात. तिच्यावरचं जस्त जळून पांढरा धूर होतो आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. दुसरा सापळा ब्रेक क्लीनरचा. क्लोरीनयुक्त द्रावणाने नळी पुसून लगेच ठिणगी पाडली तर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात ज्याने हजारो सैनिक मारले तोच वायू. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर, सफाईला एवढं पुरे.

गाडीचीही एक बाजू आहे, आणि ती बिल्डिंगच्या फाटकाला नसते. बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवावं. अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या जवळ, त्याच नळीवर लावावा. चेसिसला कुठेतरी लावला तर करंट वाटेतल्या बेअरिंगमधून आणि इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो. ऑक्सिजन सेन्सर काढून बाजूला ठेवावा. शक्य तिथे नळी जागेवर धरून फक्त तीन-चार टाके मारावेत, मग ती खाली उतरवून टेबलावर पूर्ण करावी. पाठीवर झोपून केलेला सांधा वरच्या बाजूला नेहमी उघडा राहतो, कारण तिथे बंदूक पोचत नाही. आणि पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या, बुडाला फासलेला डांबरी रंग ही सगळी सायलेन्सरची सख्खी शेजारी. सीएनजीच्या गाडीखाली तर घरी ठिणगी पाडूच नये. डिकीतल्या टाकीत २०० बारचा दाब असतो. नळी सोडवून बाहेर आणता येत नसेल, तर ते काम आपलं नव्हे.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांना हात लावण्याआधी तर दोनदा विचार करावा. सेन्सरच्या आधी सुईएवढी गळती राहिली तरी बाहेरची हवा आत खेचली जाते, इंजिनाचा संगणक मिश्रण पातळ आहे असं समजून इंधन वाढवतो, आणि ॲव्हरेज का घसरलं याचा शोध महिनाभर चालतो. उत्प्रेरक डब्यातली जाळी चिनी मातीची, ठिसूळ. हातोडीचा एक टोला तिला पुरतो. तो डबा कापून सरळ नळी घालणारे महाभाग आहेत. त्यांच्याबद्दल या लेखाला सहानुभूती नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियम आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्याबद्दल दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुणे-नागपुरात पोलिसांनी फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली घातले, त्यातले बरेचसे कुणीतरी हौसेनेच वेल्ड केलेले असणार.

एक आक्षेप रास्त आहे. चौकातला सायलेन्सरवाला काही शे रुपयांत अर्ध्या तासात ठिगळ मारून देतो, मग यंत्र, सिलिंडर, हेल्मेट, ग्राइंडर असा पंचवीस-तीस हजारांचा पसारा कशाला? एका भोकासाठी असेल तर खरंच कशालाही नाही. त्याच्या गॅसच्या टॉर्चला शिकली-सवरलेली माणसं नाकं मुरडतात, पण कुजक्या पत्र्याला हळूहळू तापवत, त्यावर सळईचा थेंब बसवत जाणं हे पातळ पत्र्याचं जुनं आणि अचूक तंत्र आहे. ते घरी आणू नये एवढंच. ॲसिटिलीन साधारण एक किलोच्या दाबापुढे स्वतःच भडकू शकतो, आणि पोर्च ही त्याची जागा नव्हे. यंत्र घ्यावं ते जुनी गाडी सांभाळणाऱ्याने, ज्याला दरवर्षी नळी, ब्रॅकेट, फुटबोर्ड, मडगार्ड असं काहीतरी जोडावंच लागतं. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम वर्षभराचा आहे. सरकारने याच संस्थांत शनिवार-रविवारी हौशी लोकांसाठी पातळ पत्र्याचे छोटे वर्ग चालवले, तर दुकानदाराच्या सल्ल्यावरचा भार कमी होईल. आणि यंत्राच्या खोक्यावर कमाल करंटच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ठिणगी स्थिर राहील तो किमान करंट छापण्याची सक्ती मानक ब्यूरोने का करू नये?

तोवर सरावासाठी भंगारवाल्याकडून जुन्या सायलेन्सरची नळी आणावी. गंजलेला भाग स्क्रूड्रायव्हरने टोचत जावं आणि जिथे टोक आत घुसत नाही तिथपासून धातू धरावा. तुकडे काटकोनात कापावेत, मध्ये फट ठेवू नये, समोरासमोर चार टाके, मग एकाआड एक. झालेला सांधा ग्राइंडरने उभा चिरून आतून बघावा. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या अर्ध्याअधिक सांध्यांची आतली कड जुळलेलीच नसते. गाडीवर काम झालं की इंजिन थंड असतानाच, उघड्यावर सुरू करावं, दुसऱ्या कुणीतरी जाड ओला कपडा नळीच्या शेपटीवर क्षणभर दाबावा आणि सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडावं. जिथे बुडबुडा आला तिथे खडूने खूण करायची, इंजिन बंद करायचं, बॅटरी पुन्हा सोडवायची.